पाटीसमोर काय हाय?

"पाटी बघून आलास?"

दुकानात पाऊल टाकणाऱ्याला चाचांचा पहिला प्रश्न हा असे. या, बसा, काय हवं, असलं काही नाही. गिऱ्हाईक नवखं असेल तर गोंधळून विचारी, "कुठली पाटी?" मग चाचा हातातलं काम न थांबवता म्हणत, "ज्या पाटीचा शर्ट पायजे ती. जा, तिच्यासमोर उभा राहून ये. मग बोलू."

असं दुकान चालतं का? धड चालत नव्हतं. पण बंदही पडलं नाही, आणि त्यात आठ वर्षं मी शिवणाचं मशीन चालवलं.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. कोल्हापूरच्या शनिवार पेठेत एका बोळाच्या टोकाला चाचांचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. रस्त्यांवरच्या जुन्या पाट्यांचे ते फोटो काढत आणि ते फोटो शर्टांच्या पाठीवर छापत. संस्थानच्या काळातल्या पत्र्याच्या पाट्या, मैलाचे दगड, घाटाच्या तोंडाशी लावलेले इशारे, जनावरांच्या हौदावरच्या सूचना. मैल जाऊन किलोमीटर आले तशा या पाट्या एकेक करून उपटल्या जात होत्या आणि भंगारात जात होत्या. चाचा कधी सायकलवरून, कधी एसटीने, कधी उसाच्या गाडीवर बसून त्यांच्यामागे हिंडत.

आता अंगावर काहीही छापलेलं चालतं. तेव्हा पाठीवर 'मोटारी सावकाश हाका, पुढे शाळा आहे' असं लिहिलेला बुशशर्ट घालून कुणी महाद्वार रोडवरून निघालं, की मागून येणारे सायकलवाले घंटी वाजवायचे सोडून वाचत राहत.

त्याआधी तीस वर्षं चाचा एका फोटो स्टुडिओत रिटचिंग करत होते. बारीक ब्रश घेऊन निगेटिव्हवर बसायचं आणि नवऱ्या मुलींच्या चेहऱ्यावरचे डाग घालवायचे. पाटीच्या फोटोला मात्र त्यांनी कधी ब्रश लावला नाही. गंज, पोचे, कावळ्याची शीट, कुणीतरी दगड मारून पाडलेलं भोक, सगळं जसंच्या तसं शर्टावर उतरे. कॉलेजची पोरं कुरकुरत, "चाचा, जरा साफ करून छापा की." चाचा म्हणत, "तीस वर्षं लोकांच्या तोंडावरचे देवीचे वण पुसले. आता पत्र्यावरचा गंज तरी राहू दे."

छापायची त्यांची रीत सांगते, कारण पुढे ती लागणार आहे. फोटोतल्या सावल्या आधी बारीक ठिपक्यांत मोडाव्या लागत. हे काम न्हाणीघरात, दार लावून, अंधारात चाले. मग लाकडी चौकटीवर ऑर्गंडीचं कापड ताणून त्यावर जिलेटिनचं मिश्रण फासायचं, वाळलं की त्यावर फोटोची फिल्म आणि काच ठेवून चौकट गच्चीवर उन्हात धरायची. किती वेळ धरायची हे सगळ्यात महत्त्वाचं. कमी धरली तर धुताना सगळं वाहून जाई, जास्त धरली तर जळून जाई. चाचांकडे घड्याळ होतं, पण त्यावर त्यांचा विश्वास नव्हता. ते गडहिंग्लजच्या गाडीचे थांबे म्हणत. मोठ्याने, एका सुरात. "कागऽल... निपाऽणी... संकेश्वऽर..." मधली सगळी गावं, फाटे, नाके धरून. चैत्रातल्या उन्हात निपाणीपर्यंत पुरे होई. पावसाळ्यात गडहिंग्लजला जाऊन अर्ध्या वाटेवर परत यावं लागे. शेजारच्या बायका गच्चीकडे बघून विचारत, "काय चाचा, आज कुठवर?" आणि चाचा हाताने 'थांबा' अशी खूण करत, कारण बोलले तर गाव चुके.

मी कोडोलीची. लग्न होऊन कोल्हापुरात आले तेव्हा शिवणाचा क्लास केलेला होता आणि नवरा उद्यमनगरात फौंड्रीत होता. घरात बसून राहणं मला जमत नाही. कुणीतरी सांगितलं म्हणून चाचांकडे गेले. त्यांनी माझं शिवण बघायला मागितलं नाही. विचारलं, "कुठली तू?"

"कोडोलीची."

"फाट्यावर पाटी हाय तुमच्या. तिच्यासमोर काय हाय?"

"पिंपळ. त्याच्या पारावर सकाळी दुधाच्या किटल्या ठेवतात."

"उद्यापासनं ये, टेलरबाई."

तेव्हापासून मी टेलरबाई. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, मला आजही खात्री नाही.

हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारत. गिऱ्हाईक पाटी बघून आलं की पुढची परीक्षा: पाटीसमोर काय हाय? म्हणजे पाटीवर काय लिहिलंय ते नाही, पाटीच्या डोळ्यांपुढे काय आहे ते. जोतिबाच्या वाटेवर गुलालाने माखलेली एक पाटी होती. तिचा शर्ट त्यांनी दोन रंगांत छापला होता, काळा आणि गुलाबी. तो मागायला तालमीतला एक पैलवान आला. त्याची पाठ एवढी रुंद की पाटीशेजारचं झाडसुद्धा मावलं असतं. चाचांनी विचारलं. पैलवान म्हणाला, "नारळाचं दुकान. म्हातारी बसती. सुट्टं न्हाय म्हणती आणि मागनं काढती." चाचांनी लगेच मला माप घ्यायला सांगितलं.

मी एकदा न राहवून म्हटलं, "चाचा, तुम्हाला तरी ठाऊक असतं का समोर काय आहे ते?"

"न्हाय."

"म्हणजे?"

"मी फोटो काढताना माझं तोंड पाटीकडं. समोरचं सगळं माझ्या पाठीमागं."

"मग मागे वळून बघायला काय झालं?"

"मी बघितलं तर गिऱ्हाइकाला काय विचारू?"

पहिलं गिऱ्हाईक जे सांगेल ते ते वहीत लिहून ठेवत, आणि पुढच्यांचं उत्तर त्याच्याशी ताडून बघत. पहिलाच खोटं बोलला तर काय, हा विचार त्यांना शिवला नव्हता. मला शिवला होता. मी बोलूनही दाखवलं. "पाटीखाली उभा राहून कोण खोटं बोलंल गं?" म्हणाले.

शर्ट पाठीवरच छापायचा, हाही त्यांचा नियम. छातीवर छापून मागणाऱ्यांना सांगत, "छातीवर लावली की जाहिरात. पाठीवर लावली की रस्ता." मी आधी पाठीचा भाग कापून द्यायचा, त्यांनी छापायचा, मग मी जोडायचा. सुरुवातीला मी एक घोळ घातला. शाळेच्या पाटीचा शर्ट शिवताना सवयीने पाठीच्या मधोमध चुणी घातली आणि त्या चुणीत नेमका 'सावकाश' गेला. शर्टावर राहिलं, 'मोटारी हाका, पुढे शाळा आहे'. मला वाटलं आता बोलणी बसणार. चाचांनी शर्ट उलटसुलट केला, अंगात घातला आणि म्हणाले, "चूक गिऱ्हाइकाच्या अंगावर घालायची न्हाय. आपल्या अंगावर घालायची." तो शर्ट त्यांनी दोन वर्षं वापरला. बोळातल्या सायकली तेव्हापासून जोरात जायला लागल्या, अशी त्यांची चेष्टा होई.

घरात दुसरं माणूस म्हणजे आपा. चाचांची थोरली बहीण. आईबाप लवकर गेल्यावर हिने बांगड्यांची टोपली घेऊन दारोदार फिरून भावाला वाढवलं. चाचांनी लग्न केलं नाही. का, ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मी गेले तोवर आपाचं डोकं विस्कटलं होतं. टोपली केव्हाच सुटली होती, पण पायांना फेरीची सवय राहिली होती. सकाळ झाली की ती निघे. कुणाच्याही घरात शिरे, बाई दिसली की तिचा हात हातात घेऊन बोटं जुळवून माप बघे, आणि सांगे, "अडीचच्या लागतील." घराबाहेर पडायची वाट तिला येत होती. परत यायची येत नव्हती.

चाचांनी पत्ता लिहिलेली चिठ्ठी तिच्या कनवटीला लावून बघितली. तिने त्यात सुपारी बांधली. मग त्यांनी त्यांना सुचेल तेच केलं. बोळाच्या तोंडाशी त्यांच्या वडलांच्या वेळची पत्र्याची पाटी होती, पेठेचं नाव, 'पाट्या रंगवून मिळतील' आणि बोळाकडे बोट दाखवणारा एक हात. त्या पाटीचा फोटो आपाच्या पांढऱ्या चादरीवर छापला. बाहेर पडताना ती चादर डोक्यावरून घ्यायची तिची सवय होतीच. आता पाठीवर सगळं आलं.

आणि ते लागू पडलं. आपा रंकाळ्यावर सापडो की बिंदू चौकात, तास-दीड तासात कुणीतरी तिला घेऊन येई. टांगेवाले, भाजीवाल्या, एकदा तर लग्नाच्या वरातीतून बँडवाला. "पाठीवर लिवलंय की," म्हणत. कोल्हापूरच्या माणसाला एकदा कुणाला पोचवायचं ठरलं की तो अर्ध्यात सोडत नाही.

चादर एकच होती. मी म्हणत असे, "चाचा, दुसरी करा. धुवायला टाकली की काय करायचं?" "करू की," म्हणत. वर्ष गेलं.

आता गडहिंग्लजच्या पाटीचं. गडहिंग्लजच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला, रस्त्याकडे तोंड करून एक मोठी पाटी होती. 'वाटसरूंसाठी विसावा. गडहिंग्लज ४ मैल.' अक्षर सुरेख. चाचांची सगळ्यात आवडती पाटी ती. तिचा पहिला शर्ट नेला लक्ष्मीपुरीतल्या एका ऐटबाज वकिलाने. समोर काय हाय विचारल्यावर तो म्हणाला, "पांढरं घर. निळं दार. ओसरीवर झोपाळा." चाचांनी वहीत लिहिलं.

दुसरा आला माझा नवरा. फौंड्रीच्या कामाला श्रावणात तिकडे गेला होता, पाटी दिसली म्हणून मुद्दाम उतरला. बायको शिवते त्या दुकानातला एक शर्ट आपल्याकडे असावा एवढीच त्याची हौस. त्याने सांगितलं, "ऊस."

"आणि?"

"आणि काय? ऊस. लांबवर ऊस."

"घर?"

"घर न्हाय."

चाचांनी मान हलवली. "तू गेलाच न्हाईस."

"दोन तास पावसात गाडीची वाट बघत उभा राहिलो की!"

"मग घर का दिसलं न्हाय?"

नवरा ताडताड घरी आला. म्हणाला, "तुझ्या त्या चाचानं मला खोटारडा ठरवला. परत त्याचं नाव घरात नगो." तिसरा आला गडहिंग्लजचाच एक शाळामास्तर, पौषात. तो म्हणाला, समोर धूर दिसतो. मग तर चाचांची खात्रीच पटली. "एक म्हणतो ऊस, एक म्हणतो धूर. दोघंबी घरात बसून सांगत्यात."

मी शेतकऱ्याची मुलगी. म्हटलं, "अहो, श्रावणात ऊस उभा असतो, पौषात गुऱ्हाळ लागतं. दोघंही खरं बोलतात. वकील खोटा."

"पाटी काय ऋतू बघून बदलती व्हय?"

विषय संपला. त्या पाटीचा शर्ट त्यानंतर कुणालाच मिळाला नाही. मोठ्या आकारात छापून बघावी म्हणून त्यांनी जाड मांजरपाटाच्या मोठ्या तुकड्यावर तीच पाटी उठवली होती, तो तुकडाही पडून राहिला. मी तो मशीनवर घालायला घेतला. धूळ बसत नसे.

पुढच्या पौषातली एक सकाळ. आपाची चादर धुऊन दोरीवर टाकलेली, ओली. थंडी कडक होती. मी कामाला आले तर आपा उंबऱ्यावर बसून कुडकुडत होती. मी मशीनवरचं कापड ओढलं, तिच्या डोक्यावरून, खांद्यांवरून नीट गुंडाळलं आणि आत जाऊन काजं करायला बसले. वर गच्चीवर चाचांचा सूर लागला होता. "कागऽल..."

चाचा खाली आले तेव्हा आपा नव्हती. त्यात नवीन काही नव्हतं. तास गेला, दोन तास गेले. कुणी घेऊन आलं नाही. चाचा बोळाच्या तोंडापर्यंत जाऊन आले. मग सायकल काढून रंकाळा, देवळाची बाजू, बिंदू चौक सगळं फिरले. परत आले तेव्हा त्यांचा श्वास लागला होता. "कुणीच कसं आणून सोडंना?" म्हणाले. "पाठीवर तर लिहिलंय."

तेव्हा माझी नजर मशीनवर गेली. उघडं मशीन.

मी आडपडदा न ठेवता सांगितलं. "चाचा, तिच्या पाठीवर गडहिंग्लज आहे. मी घातलं."

ओरडतील असं वाटलं. ओरडले नाहीत. दोरीवरच्या ओल्या चादरीकडे बघून म्हणाले, "दुसरी करायची राहिली माझी." आणि चपला शोधायला लागले. त्या त्यांच्या पायातच होत्या.

एसटी स्टँडवर शेंगा विकणाऱ्या बाईला विचारलं, तर तिचा चेहराच फुलला. "ती म्हातारी व्हय! लई ग्वाड. माझ्या हाताचं माप घेतलं. म्हटलं आज्जे कुठं जायचं, तर बोलंना. मग पाठ फिरवली तर हे एवढं मोठं लिवलेलं! आम्ही चौघांनी मिळून दहाच्या गाडीत बसवली. ह्या हमालानं उचलून वर चढवली."

हमाल म्हणाला, "कंडक्टरला नीट सांगितलंया, चार मैल अलीकडं उतरव म्हणून. तो म्हणला, काळजी नगो, पाटी माझ्या रोजच्या वाटंवर हाय, बरोबर तिच्यासमोर उतरवतो."

दोघं आमच्याकडे शाबासकीच्या आशेने बघत होते. मी म्हटलं, "बरं केलंत." दुसरं काय म्हणणार? त्यांनी पाठीवर वाचलं तेच केलं होतं.

पुढची गाडी मिळाली. चाचा खिडकीशी बसले. गाडी सुटली तसे त्यांचे ओठ हलायला लागले. कागल आलं. मग मधली गावं, एकेक फाटा, एकेक नाका. हजार वेळा उन्हात म्हटलेली गावं आता खरोखर यायची होती आणि येत नव्हती. निपाणीला गाडी दहा मिनिटं थांबली तेव्हा म्हणाले, "लई वेळ लागतोय, टेलरबाई. एवढ्यात चौकट जळून गेली असती."

निपाणी सुटल्यावर त्यांनी विचारलं, "तुझ्या नवऱ्यानं काय सांगितलेलं गं? समोर काय हाय म्हणून?"

"ऊस."

"आणि वकिलानं?"

त्यांना पाठ होतं. तरी मी सांगितलं. "पांढरं घर, निळं दार."

"घर असंल तर कुणीतरी आत घेतलं असंल तिला," ते म्हणाले. "घर असंल तर बाई असंल. बाई असली की आपा तिच्यापाशी बसती. तू काय म्हणतीस? असंल न्हवं घर?"

त्या माणसाने एवढ्या वर्षांत माझ्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं होतं, आणि ते खोटं होतं. समोर घर नसेल तर होती उसाची रानं, विहिरी, आणि थंडीत लवकर मावळणारा दिवस. तरी माझ्या तोंडून 'असेल' निघेना. मी म्हटलं, "चाचा, घर नाही. माझा नवरा खोटं बोलत नाही."

संकेश्वर आलं तेव्हा चाचा हळूच म्हणाले, "मास्तर धूर म्हणलेला."

"हो. गुऱ्हाळाचा."

"म्हंजे माणसं असतील."

"असतील."

"तवा पौषच होता, व्हय?"

"पौषच."

त्यानंतर त्यांनी गावं म्हणणं सोडलं.

चारच्या सुमाराला गाडीने आम्हाला पाटीपाशी सोडलं. गाडी गेली आणि रस्ता एकदम रिकामा झाला. पाटी तशीच होती, गंजलेली, एका कोपऱ्यात वाकलेली. आपा तिथे नव्हती. चाचा सवयीने पाटीकडे तोंड करून उभे राहिले. हालेचनात. पाठीमागे काय आहे ते बघायची त्यांची हिंमत होत नव्हती हे मला कळलं, पण रस्त्यात उभं राहून वेळ घालवण्यात अर्थ नव्हता. मी त्यांच्या खांद्यांना धरलं आणि त्यांना गर्रकन फिरवलं.

समोर तोडलेल्या उसाचं रान होतं, उघडंबोडकं. त्याच्या पलीकडच्या बांधाला एक छप्पर, आणि छपरावर धूर.

वाटभर चाचा माझ्यापुढे धावत होते. बुडख्यांना ठेचकाळत होते, पण थांबत नव्हते. छपराखाली चुलवाण पेटलेलं, काहिलीत रस उकळत होता, आणि चुलवाणाच्या उबेला, पाठीवर 'वाटसरूंसाठी विसावा' घेऊन आपा बसली होती. तिच्यासमोर वाटीत काकवी होती आणि हातात गुळव्याच्या बायकोचा हात.

ती बाई आम्हाला बघून म्हणाली, "तुमची व्हय ही अव्वा? कंडक्टरनं रस्त्यात सोडली आणि ही धूर बघून सरळ हिकडंच आली. दुपारधरनं आमच्या समद्यांची मापं घेतीया. जा म्हटलं तर जाईना."

आपाने मान वर केली. भावाला ओळखलं. "आया?" ती घरच्या बोलीत म्हणाली. "लिख ले. इसकू सव्वादो. उसकू अडीच."

चाचांनी खिशातून पेन्सिल काढली. कागद नव्हता. काड्यापेटीवर लिहिलं, सव्वादोन, अडीच. मापं बरोबर उतरवली. मग खाली बसले आणि तिच्या वाटीतली काकवी बोटाने चाटली.

थोड्या वेळाने तिथूनच त्यांनी रस्त्याकडे बघितलं. उघड्या रानापलीकडे पाटी दिसत होती. त्यांनी मला विचारलं, "श्रावणात हितं ऊस असतो?"

मी म्हटलं, "मी सांगितलं होतं." तेवढ्यासाठी मी वर्षभर थांबले होते.

संध्याकाळच्या गाडीने आम्ही परत आलो. दुसऱ्या दिवशी चाचांनी वहीतलं पांढरं घर खोडलं. आठवड्यात आपासाठी पाच चादरी छापल्या, आणि त्या मशीनपासून लांब ठेवायची मला ताकीद दिली. मशीनवर मी जुनी सतरंजी घातली.

आपा त्यानंतर तीन वर्षं होती. चाचा तिच्यामागून दोन वर्षांनी गेले. त्या खोलीत आता शिकवणीचा क्लास आहे. बोळाच्या तोंडची बोटाची पाटी कुणी काढली ते ठाऊक नाही.

एक सांगायचं राहिलं. गडहिंग्लजहून आल्यावर साधारण पंधरा दिवसांनी, एका रविवारी चाचा आमच्या घरी आले. मंगळवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्या त्यांनी कधी बघितल्या नव्हत्या. वर्तमानपत्रात गुंडाळलेला शर्ट हातात. नवऱ्याने दार उघडलं आणि दारातच उभा राहिला. मी आतून बघत होते.

"तुझा शर्ट आणलाय," चाचा म्हणाले.

"असा कसा घिऊ?" नवरा म्हणाला. "तुमचाच कायदा हाय. आधी परीक्षा. सांगा, पाटीसमोर काय हाय?"

चाचांनी एवढ्या लोकांना विचारलं होतं. त्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं. ते पोरासारखे हात मागे बांधून उभे राहिले.

"श्रावणात ऊस," ते म्हणाले. "पौषात धूर."

"आणि?"

"आणि धुराशेजारी माझी आपा. मापं घेत बसलीया."

नवरा बाजूला झाला. "या आत," म्हणाला. मग मला, "अगं, चहा टाक."

चहा उकळेपर्यंत मी शर्ट उलटा करून बघितला. शिवण माझी नव्हती. मला न सांगता, माझ्या पाठीमागे माझ्याच मशीनवर त्यांनी स्वतः शिवला होता. टीप वाकडी, कॉलर ताणलेली, उजवा खांदा अर्धा इंच खाली. असा शर्ट मी दुकानाबाहेर जाऊ दिला नसता. उसवून नीट करायला तासभर पुरला असता.

नवऱ्याने तो सहा वर्षं तसाच घातला.